जुना घरगुती संगणक चित्रीकरणाला भाड्याने देताना

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांनी १९८५ साली लंडनहून परतताना आणलेला सिंक्लेअर स्पेक्ट्रम प्लस आणि पुढे घेतलेला कमोडोर ६४ हे दोन जुने घरगुती संगणक घरात चालू स्थितीत आहेत. १९८६ सालच्या पुण्यातील एका कुटुंबाची गोष्ट सांगणाऱ्या वेब मालिकेच्या कला विभागाने ते दहा दिवसांसाठी मागितले आहेत. ते द्यावेत का, भाडे किती घ्यावे आणि काळजी कोणती घ्यावी? मी गेली चौदा वर्षे माझ्या संग्रहातील यंत्रे मुंबई आणि पुण्याच्या चित्रीकरणांना देत आलो आहे, त्या आधारावर हे उत्तर लिहीत आहे. माझे मत, अवश्य द्यावेत. मात्र यंत्र एकटे टेम्पोत चढवून पाठवू नये. त्याच्यासोबत स्वतः जावे, किंवा त्या यंत्राची नीट माहिती असलेला माणूस पाठवावा, आणि त्या माणसाची रोजची हजेरी भाड्यातच धरावी. पुढचे बहुतेक सल्ले याच एका अटीतून निघालेले आहेत.

ही अट मला पहिल्याच कामात समजली. एका निर्मितीसाठी तीन दिवसांच्या बोलीवर मी माझा स्पेक्ट्रम प्लस दिला, सोबत गेलो नाही आणि यंत्र एकोणीस दिवसांनी परत आले. खालच्या बाजूला डबल टेपचा चिवट थर होता, कोपऱ्यावरची इंद्रधनुषी पट्टी अर्धी सोलली गेली होती आणि मूळ अडॅप्टर पिशवीत जसाच्या तसा बांधलेला होता. तो अडॅप्टर वेळेवर सापडला नाही म्हणून सेटवरच्या कोणीतरी दुसऱ्या कुठल्या उपकरणाचा नऊ व्होल्टचा अडॅप्टर लावला होता. त्यात त्या माणसाचा हलगर्जीपणा होता असे मी आजही म्हणणार नाही, कारण पिन बसत होती आणि व्होल्टही तेवढेच लिहिलेले होते. परंतु आजच्या बहुतेक अडॅप्टरमध्ये पिनचा मधला भाग धन असतो, आणि स्पेक्ट्रममध्ये मधला भाग ऋण व बाहेरचे कडे धन असते. उलटा प्रवाह गेल्यावर आतला व्होल्टेज बदलणारा छोटा ट्रान्झिस्टर जळाला. खालच्या १६ केबीच्या ४११६ जातीच्या मेमरी चिपना +१२, +५ आणि −५ असे तीन व्होल्टेज लागतात. त्यातले −५ नाहीसे झाले की त्या चिप टिकत नाहीत. आठांपैकी तीन चिप गेल्या. दुरुस्ती झाली, पण ती पट्टी आजही अर्धीच आहे. सोबत माणूस असता तर हे सारे नुकसान टळले असते.

म्हणून सुरुवात विजेपासून करावी. यंत्र देण्याच्या आठवडाभर आधी दोन्ही वीजपुरवठे मीटर लावून तपासावेत. कमोडोर ६४ चा मूळ पुरवठा ही राळेने भरलेली जड वीट असते. ती जुनी झाली की तिच्या ५ व्होल्टच्या वाटेवरचे व्होल्टेज हळूहळू वर चढते आणि संगणक चालू असतानाच त्याची मेमरी मारते. मीटरवर ५.२५ च्या वर आकडा दिसला, तर ती वीट केवळ शोभेसाठी टेबलाखाली ठेवावी आणि प्रत्यक्षात नव्याने बनवलेला पुरवठा वापरावा. मी तर मूळ वीट सेटवर लावतच नाही. पुढेमागे कोणी बीबीसी मायक्रो हा त्या काळचा ब्रिटिश संगणक मागितला, तर त्याच्या अंगच्या वीजपुरवठ्यातील मेन्सचे (भिंतीतून येणाऱ्या विजेचे) फिल्टर कपॅसिटर आधी बदलून घ्यावेत. त्यांचे पारदर्शक आवरण वयाने तडकते, ओलावा आत शिरतो आणि यंत्र चालू केल्यावर काही मिनिटांत खोलीभर उग्र वासाचा धूर होतो. मुंबईतील मढच्या चित्रीकरणाच्या बंगल्यांवर किंवा आउटडोअरला वीज जनरेटरची असते, आणि मोठे दिवे चालू-बंद झाले की तिच्यात झोके येतात. माझ्या पेटीत एक छोटा ऑनलाइन यूपीएस कायम असतो. संगणक आणि टीव्ही त्यावर चालतात आणि त्याच्या सॉकेटमध्ये दुसरे काहीही, अगदी मोबाइलचा चार्जरही, लावू द्यायचा नाही असे मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो.

यानंतर टीव्हीचा प्रश्न येतो आणि कला विभागाची सर्वांत मोठी अडचण बहुधा तिथेच असते. भारतात दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये सुरू झाले, पण १९८६ च्या मध्यमवर्गीय घरात कृष्णधवल संच असणे अगदी स्वाभाविक होते, आणि संगणक जोडायला घरातला तोच संच मिळे, तोही बातम्या आणि मालिका संपल्यावर. ब्रिटनहून आणलेला स्पेक्ट्रम आपले चित्र यूएचएफच्या (टीव्हीच्या वरच्या लहरपट्ट्याच्या) ३६ व्या चॅनेलवर देतो, तर माझ्याकडच्या त्या काळच्या लाकडी संचाला यूएचएफचा ट्यूनरच नाही. अशा वेळी संगणकातून कंपोझिट चित्र (एकाच वायरीतून येणारा चित्राचा संकेत) घेऊन ते छोट्या व्हीएचएफ मॉड्युलेटरमार्फत, म्हणजे ते चित्र जुन्या संचाच्या खालच्या लहरपट्ट्यावर बसवणाऱ्या डबीमार्फत, टीव्हीच्या अँटेनाच्या जागी द्यावे. टीव्ही दुरुस्त करणारे काही जण संच उघडून थेट आत एव्हीची (चित्र-आवाजाची) वायर जोडून देऊ म्हणतात. त्याला ठाम नकार द्यावा. जुन्या अनेक संचांची चासी मेन्सपासून अलग केलेली नसते, म्हणजे आतल्या पत्र्यावर २३० व्होल्ट असू शकतात, आणि ती वायर तुमच्या संगणकापर्यंत व त्याच्या कळांवर बोटे ठेवलेल्या कलाकारापर्यंत पोहोचते. संचाचे मागचे झाकण सेटवर कोणत्याही कारणाने उघडू देऊ नये, कारण बंद केल्यानंतरही पिक्चर ट्यूबवर हजारो व्होल्टचा भार उरलेला असतो.

कृष्णधवल संचावर स्पेक्ट्रम विशेष शोभतो आणि त्याला कारण आहे. त्याचे काळा, निळा, लाल, जांभळा, हिरवा, आकाशी, पिवळा, पांढरा हे रंग चढत्या उजळपणाच्या क्रमाने लावलेले आहेत, त्यामुळे रंग गेले तरी करड्याच्या आठ स्पष्ट पायऱ्या उरतात. दिग्दर्शकाला रंगीत पडदा हवा असेल, तर कमोडोरचा निळ्यावर फिकट निळा आरंभीचा पडदा कॅमेऱ्यात देखणा दिसतो. मात्र टीव्हीचा पांढरा रंग साधारणपणे निळसर झुकणारा असतो, आणि पिवळ्या दिव्यांच्या खोलीत तो आणखी निळा भासतो. हे छायालेखकाला आधीच सांगावे, म्हणजे दिव्यांचा विचार तो पडद्याच्या उजेडाच्या हिशोबाने करील.

आता कॅमेऱ्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण यंत्र देणारे बहुतेक जण इथे गप्प बसतात आणि मग चित्रीकरणाच्या दिवशी पडद्यावर वर-खाली सरकणारा पट्टा दिसू लागला की सारा दोष यंत्राच्या माथी येतो. आपल्याकडचे संगणक पाल पद्धतीचे आहेत, म्हणजे पडदा सेकंदाला सुमारे ५० वेळा रंगवला जातो. कॅमेरा सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) घेत असेल आणि शटर नेहमीच्या १८० अंशांवर, म्हणजे प्रत्येक चौकटीच्या निम्म्या वेळेपुरते उघडे, असेल, तर पडद्यावर उजळ पट्टा सेकंदाला साधारण दोनदा सरकतो. शटर १७२.८ अंशांवर आणले की प्रत्येक चौकट एक पन्नासांश सेकंद उघडी राहते आणि त्या पट्ट्याची बारीक रेघ होते. रेघ मात्र सरकतच राहते. २५ चौकटींवर आणि एक पन्नासांश शटरवर ती जवळजवळ थांबते. जवळजवळ म्हणण्याचे कारण असे की हे घरगुती संगणक काटेकोर ५० वर चालत नाहीत. ४८ केबीचा स्पेक्ट्रम ५०.०८ वर चालतो आणि पाल कमोडोर सुमारे ५०.१२ वर. त्यामुळे २५ चौकटींवर स्पेक्ट्रमची रेघ पडदा ओलांडायला बारा सेकंदांहून थोडा अधिक वेळ घेते, कमोडोरची आठ सेकंदांत ओलांडते. शॉट चार-पाच सेकंदांचा असेल, तर रेघ पडद्याच्या कडेला गेल्यावर कॅमेरा सुरू करावा आणि ती पुन्हा मध्यावर येण्याआधी थांबावे. मी मॉनिटरशेजारी उभा राहून छायालेखकाच्या सहायकाला हाताने खूण करतो. ज्या कॅमेऱ्यात चौकटींचा वेग दशांशात लावता येतो, तिथे स्पेक्ट्रमसाठी २५.०४ आणि कमोडोरसाठी २५.०६ लावल्यास रेघ जागीच थांबते. बीबीसी मायक्रोला हा त्रास फारसा नाही, कारण त्याचे चित्र टीव्हीच्या मानकाप्रमाणे बरोबर ५० वर येते. चाचणीसाठी एक दिवस आधी अर्धा तास मागून घ्यावा. तो मिळत नाही असे सांगण्यात आले, तरी दुसऱ्यांदा मागावा.

पडदा हिरवा किंवा काळा ठेवून चित्र नंतर संगणकावर बसवू, असा पर्याय हल्ली हमखास पुढे येतो. वाइड शॉटसाठी तो ठीक आहे. परंतु अंधाऱ्या खोलीत मुलाच्या चेहऱ्यावर टीव्हीचा थरथरता उजेड पडतो, काचेच्या फुगीर कडेवर अक्षरे किंचित वाकतात आणि संच बंद करताच सारे चित्र आकसून मध्यभागी एका ठिपक्यात विझते, हे मूळ यंत्र जितके खरे देते तितके मागाहून जोडलेले चित्र देत नाही. तुमचे यंत्र चालू स्थितीत आहे हीच त्याची खरी किंमत आहे आणि ती कला दिग्दर्शकाला करून दाखवावी.

कलाकाराला टंकलेखन करायचे असेल तर त्याची तयारी घरीच करून न्यावी. स्पेक्ट्रमवर ओळीच्या आरंभी एक अक्षर दाबले की बेसिक भाषेचा पूर्ण शब्द उमटतो: पी दाबल्यावर प्रिंट, जे दाबल्यावर लोड. ज्याने हे यंत्र कधी हाताळलेले नाही तो कलाकार संहितेतले वाक्य टंकू लागला की पडद्यावर भलतेच काही येते आणि रीटेकवर रीटेक होतात. यावर उपाय सोपा आहे. हवे ते वाक्य एका चलात (व्हेरिएबलमध्ये) साठवायचे, एक फेरी (लूप) लावायची, फेरीत ‘पॉज शून्य’ ही आज्ञा द्यायची, जी कोणतीही कळ दाबली जाईपर्यंत थांबते, आणि प्रत्येक कळीसरशी वाक्याचे पुढचे एकच अक्षर पडद्यावर काढायचे. पाच-सहा ओळींचे काम आहे. कलाकाराने डोळे मिटून कुठल्याही कळा दाबल्या तरी वाक्य बिनचूक उमटते, आणि त्याचे सारे लक्ष अभिनयावर राहते. कॅसेटवरून खेळ चढवण्याच्या प्रसंगातही असेच करता येते. पूर्ण ४८ केबीचा कार्यक्रम चढायला चार-पाच मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ सेटवर कोणाकडेच नसतो. पण लोडची आज्ञा दिलेली असताना कॅसेटमधून नुसता आरंभीचा सूर वाजवला, तरी पडद्याच्या कडेला लाल आणि आकाशी पट्टे धावू लागतात, आणि माहितीचा भाग आला की ते बारीक निळे-पिवळे होतात. दिग्दर्शकाला हवे असते ते एवढेच. तो कर्कश आवाज ध्वनिमुद्रकाला वेगळा, शांत खोलीत मुद्रित करून घेऊ द्यावा. संवादांच्या वेळी टेप बंद ठेवणे सर्वांच्या सोयीचे असते.

काळाच्या अचूकतेबाबत कोणी विचारले नाही तरी बोलावे. एक गोष्ट मी प्रत्येक कामात सांगतो: १९८६ च्या त्या घरात हे यंत्र नवे कोरे आहे. कला विभागाला मात्र वस्तू जुनी दिसावी असे वाटते, म्हणून ते तिच्यावर चहाचे पाणी शिंपडू पाहतात किंवा धूळ म्हणून मुलतानी माती उडवतात. ती माती कळांखालच्या पातळ पडद्यात शिरली की कळा अडकू लागतात, आणि स्पेक्ट्रमचा तो पडदा वयोमानाने मुळातच ठिसूळ झालेला असतो. तेव्हा यंत्र स्वच्छ पुसून न्यावे आणि स्वच्छच ठेवायला लावावे. कमोडोरचे कवच पिवळे पडले असेल, तर पिवळेपणा कमी दिसेल अशा कोनात ते ठेवायला सांगावे. पेरॉक्साइड लावून घाईने उजळवण्याचा प्रयत्न कामाच्या आदल्या आठवड्यात करू नये, त्याने डाग पडतात. टेबलावर माउस नको, साडेतीन इंची फ्लॉपी नको, आणि भिंतीवर ब्रिटिश पद्धतीचा चौकोनी पिनांचा सॉकेट तर नकोच. त्या काळी परदेशातून आणलेल्या यंत्राचा प्लग कापून आपल्या गोल पिनांचा लावला जात असे. वायरी लपवण्याची कला विभागाला सवय असते. त्यांना सांगावे की टीव्ही, टेपरेकॉर्डर आणि अडॅप्टर यांच्या तीन वायरींचा गुंता हा त्या दृश्याचा भाग आहे, तो दिसू द्यावा. गोष्टीतले यंत्र परदेशातून आलेले नसेल आणि शाळेतले असेल, तर १९८४ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पाची आठवण करून द्यावी. त्यात शाळांना बीबीसी मायक्रो देण्यात आले होते.

आता पैसे आणि कागद. भाड्याला ठरलेला बाजारभाव नाही. माझी पद्धत अशी आहे: तसेच चालू यंत्र आज पुन्हा विकत घ्यायचे झाल्यास वाहतूक आणि सीमाशुल्क धरून किती पडेल तो आकडा लेखी ठरवायचा, त्याच्या दहा टक्के पहिल्या दिवसाचे, पाच टक्के पुढच्या प्रत्येक दिवसाचे, आणि माणसाची शिफ्ट वेगळी. शिफ्ट बारा तासांची धरावी आणि पॅक-अप लांबल्यास जादा आकार आधीच लिहून ठेवावा. ठरलेल्या किमतीइतके डिपॉझिट यंत्र घराबाहेर पडण्याआधी खात्यात जमा झालेले असावे. या व्यवसायात बिलाचे पैसे नव्वद दिवसांनी देण्याचा रिवाज जुना आहे. एकट्या माणसाने तो मान्य करू नये, निम्मे भाडे आगाऊ आणि उरलेले यंत्र परत येण्याच्या दिवशी, असे ठरवावे. निर्मितीच्या विम्यात तुमची दोन्ही यंत्रे नावाने आणि किमतीने नोंदली गेली आहेत का, हे तोंडी आश्वासनावर सोडू नये, कागद पाहावा. डिलिव्हरी चलनावर यंत्राचा अनुक्रमांक, अडॅप्टर, वायरी, पुस्तिका हे सर्व वेगवेगळे लिहावे आणि सहा बाजूंची छायाचित्रे त्याच दिवशी निर्मिती व्यवस्थापकाला पाठवावीत. करारात तीन वाक्ये अवश्य असावीत: यंत्र उघडायचे, रंगवायचे किंवा कोठेही चिकटवायचे नाही, आमचा माणूस हजर नसताना ते चालू करायचे नाही, दिवसाचे काम संपल्यावर ते आमच्या पेटीत, आमच्या कुलपात राहील. पावसाळ्यात त्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि सकाळी वातानुकूलित खोलीतून काढलेले यंत्र दमट हवेत लगेच चालू करू नये, अर्धा तास जाऊ द्यावा.

नाममुद्रा आणि खेळ यांच्या परवानग्या ही निर्मात्याची जबाबदारी आहे, असे करारात स्पष्ट लिहावे. यंत्र तुमच्या मालकीचे आहे म्हणून त्यावर दिसणाऱ्या खेळाचे हक्क तुमचे होत नाहीत. सिंक्लेअरची संगणक शाखा १९८६ मध्ये ॲमस्ट्रॅडने घेतली आणि ॲमस्ट्रॅड २००७ मध्ये स्काय समूहाकडे गेली, एवढी माहिती त्यांच्या विधी विभागाला दिली तरी त्यांचा वेळ वाचतो. खेळाची परवानगी मिळत नसेल, तर वर सांगितल्याप्रमाणे स्वतः लिहिलेला छोटा कार्यक्रम दाखवावा. माझ्या बहुतेक कामांत शेवटी तेच झाले आहे.

यंत्र परत आल्यावर पावतीवर लगेच सही करू नये. घरी आणून दोन तास चालू ठेवावे, प्रत्येक कळ तपासावी, देताना काढलेली छायाचित्रे शेजारी ठेवून ओरखडे पाहावेत आणि मगच डिपॉझिट परत करावे. ही मुदत, समजा अठ्ठेचाळीस तासांची, करारातच असली की कोणाला वाईट वाटत नाही.

प्रश्नाच्या अखेरीस असेही लिहिले आहे की यंत्रासोबत वडिलांच्या हस्ताक्षरातील लेबलांच्या अकरा कॅसेट आहेत आणि कला विभागाला त्या फार आवडल्या आहेत. त्या मात्र देऊ नयेत. संगणक बिघडला तर दुरुस्त होतो, दुसरा मिळतो. सेटवरच्या टेपरेकॉर्डरमध्ये फीत अडकून तुटली तर वडिलांनी लिहिलेला कार्यक्रम परत येणार नाही. आजच एखाद्या चांगल्या टेपरेकॉर्डरमधून त्या अकराही कॅसेटचा आवाज लॅपटॉपवर उतरवून घ्यावा, दोन ठिकाणी जपून ठेवावा, आणि प्रत्येक फाइल स्पेक्ट्रमच्या इअर सॉकेटमध्ये वाजवून कार्यक्रम खरोखर चढतो का ते पाहावे. चित्रीकरणाला त्याच बनावटीच्या कोऱ्या कॅसेट न्याव्यात आणि त्यांच्या लेबलांवर कला विभागातील कोणाकडून तरी निळ्या शाईच्या पेनाने नवी नावे लिहून घ्यावीत.